मालननं अंगावर घेतलेला आळ

आधी मालनचं नाव लिहिते, मग बाकीचं. बाकीचं लिहायला बसले की मला धास्ती वाटते, कुठंतरी फाटा फुटेल आणि तिचं नाव राहूनच जाईल. तर, मालन. शाळेत माझ्याशेजारी बसायची. पलूसजवळच्या आमच्या गावात ओढ्यापलीकडं तिच्या घरच्यांची मेंढरं असायची. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. दिवाळी झाली की घरची माणसं मेंढरं घेऊन बाहेर पडायची, त्यांच्याबरोबर हिचीही शाळा निघून जायची, आणि परत आली की ती पुन्हा त्याच वर्गात बसायची. माणसांत कसं बसायचं, कसं उठायचं हे मला जे काही थोडंफार जमतं ते तिनं शिकवलं. मास्तरांनी नाही, आईनं नाही, आणि आता इकडं परमुलखात ज्या डॉक्टरीणबाई भेटल्या त्यांनीही नाही. मी नववीतनं शाळा सोडली. माझ्या लिहिण्यात चुका निघतील, पण हे नाव लिहायला मी चुकणार नाही.

आमचं घर म्हणजे पुढं अण्णांचं शिवणाचं दुकान आणि मागं दोन खोल्या. अण्णा म्हणजे माझे वडील. ते गावचे सदरे, लेंगे, पोरींचे परकर-पोलके शिवायचे आणि आई दारात उजेडाला बसून काजं-बटणं करायची. मी मागच्या खोलीत असले तरी मशीनच्या आवाजावरून मला कळायचं पुढं कुठलं कापड चाललंय. पॉपलीन सरसर जायचं. मांजरपाट मधेमधे खोकल्यासारखं करायचं. सुई मोडायच्या आधी तर आवाज असा बारीक तिरपा व्हायचा की माझे दात शिवशिवायचे. मी आतनं ओरडायचे, "अण्णा, सुई." अण्णा पाय थांबवून बघायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमच्या संगीचा कान हाय का काय हाय. आवं, मला मशीनवर बसून कळत न्हाई." तेवढ्यावर मी दिवसभर खूष असायचे. पण हाच कान शाळेची घंटा झाली की माझा वैरी व्हायचा. घंटा व्हायच्या आधीच मी दोन्ही हातांनी कान झाकून बसायचे, आणि घंटेची वेळ मला घड्याळाशिवाय कळायची हे कुणाच्या लक्षात यायचं नाही. लक्षात यायचं ते फक्त कान झाकलेलं.

खाण्याचंही तसंच. भाकरीवर काळा डाग असला की ती माझ्या घशाखाली उतरायची नाही. आमटी भाताला शिवलेली चालायची नाही. आई दोन वाट्या वेगळ्या द्यायची आणि देताना म्हणायची, "सासरी कोण द्यायचं हाय गं तुला दोन वाट्या?" याच काळजीत ती गेली, म्हणून इथं मुद्दाम लिहून ठेवते की सासरी मिळाल्या. आमचे हे गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. आमच्या भागातली पुष्कळ माणसं त्या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. आम्ही तमिळ मुलखात आलो, त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी यांनी माझं ताट बघितलं, उठून फळीवरची दुसरी वाटी काढली, माझ्यापुढं ठेवली आणि परत जेवायला लागले. का म्हणून विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

केस विंचरून घेणं मला मरणाचं वाटायचं. फणी डोक्यात गेली की मी किंचाळायचे. मग आई वरच्यावर हात फिरवून दोन वेण्या घालायची, त्या शाळेत पोचेपर्यंत सुटायच्या, आणि वर्गातल्या पोरी म्हणायच्या, "आली बघ कणसाचं तुरं सोडून." मी त्यावर खरंच विचार करायचे. कणसाचे तुरे पिवळट असतात, माझे केस काळे. मग त्या असं का म्हणतात? मला माणसांचं फार कुतूहल होतं. आज माझ्यासारख्यांना जे नाव आहे, स्वमग्न, ते मी धाकट्या मुलाच्या निमित्तानं पहिल्यांदा ऐकलं. त्याला शाळेनं त्या डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं होतं. त्या त्याच्याबद्दल एकेक विचारत होत्या आणि मी मनात स्वतःचीच उत्तरं देत होते. शेवटी त्यांनी वही मिटली आणि माझ्याकडं बघून हळूच विचारलं, "तुमचं लहानपण कसं होतं?" त्या नावानं मला पुष्कळ आधार दिला, नाही म्हणत नाही. पण स्वतःत मग्न? मी तर सबंध दिवस दुसऱ्यांची तोंडं वाचत बसलेली असायचे. वैशालीची भुवई वर गेली की तो प्रश्न असतो की राग, हे मी गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचे. वैशाली म्हणजे आमच्या वर्गाची पुढारी. तिच्या भुवयांचा मला दोन वर्षांत पत्ता लागला नाही.

मालनला माझ्याशेजारी बसवलं ते आम्हां दोघींच्याही शेजारी कुणी बसेना म्हणून. तिच्या अंगाला लोकरीचा आणि धुराचा वास यायचा. तो मला आवडायचा, कारण तो रोज तसाच असायचा. पहिल्याच आठवड्यात तिनं मला पाटी मागितली, देताना तिचं बोट माझ्या मनगटाला हलकं लागलं, आणि मी झटक्यानं हात ओढला. पोरी हसल्या. मालन हसली नाही. तिनं थोडा वेळ माझ्याकडं बघितलं आणि मग माझं मनगट असं गच्च धरलं की बांगडी रुतली. आणि मला एकदम बरं वाटलं. "मेंढराचं असंच असतंय," ती म्हणाली. "हळू हात लावला की बुजतंय. धरायचं तर घट्ट धरायचं." आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला धरायचं कसं ते शोधून काढलं होतं, आणि तेही न चिडता, न हसता. माझं अंग असं का वागतं याचं तिलाही माझ्याइतकंच नवल होतं.

आता हादग्याचं सांगते. हस्त नक्षत्र लागलं की आमच्याकडं पोरी संध्याकाळी रोज एकीच्या दारात जमायच्या. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती हात धरून फेर धरायचा, गाणी म्हणायची, आणि शेवटी खिरापत. ही खिरापत घरची आई करते, पण ती झाकलेल्या डब्यात असते. डबा हलवून दाखवायचा आणि बाकीच्यांनी आत काय आहे ते ओळखायचं. ओळखल्याशिवाय खायला मिळत नाही. मला तर ते सगळं आधीच कळलेलं असायचं. चुरमुऱ्यांचा आवाज वाळूसारखा, फुटाण्यांचा खड्यांसारखा, वाटल्या डाळीचा आवाज नसतोच, पण हिंगाची फोडणी अंगणात शिरल्याबरोबर नाकाला भेटते. पहिल्या दिवशी डबा बाहेर आला आणि मी म्हटलं, "खोबरं-साखर." बरोबर निघालं. दुसऱ्या दिवशी "भिजवलेली डाळ." तेही बरोबर. तिसऱ्या दिवशी वैशालीच्या घरी तिच्या आईनं डबा हातात घ्यायच्या आधी, नुसतं स्वयंपाकघराकडं बघून मी सांगितलं, "करंज्या, पण एक करपलीय."

मला वाटलं शाब्बास म्हणतील. वर्गात जी पहिल्यांदा उत्तर देते तिला शाब्बास म्हणतात ना. वैशाली म्हणाली, "तुला कळत न्हाई व्हय गं काय?" मी प्रामाणिकपणे सांगितलं, "न्हाई कळत." एवढ्या जोरात हसल्या सगळ्या. आणि चौथ्या दिवसापासून नियम झाला की ओळखायची वेळ आली की संगीला अंगणाबाहेर उभी करायची. मी बाहेर उभी राहायचे. खरं सांगते, बाहेर निवांत वाटायचं. पण एका गोष्टीचा मला घोर लागला होता. सात-आठ दिवसांनी आमच्या दारातला हादगा होता. आदल्या वर्षी आमच्या पाळीला पोरी आल्याच नव्हत्या. पावसाची सर आली होती म्हणे. तसल्याच पावसात त्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या आळीत गेल्या. आईनं केलेली खिरापत आम्ही तिघांनी तीन दिवस खाल्ली, आणि आई प्रत्येक वेळी म्हणत होती, "बरी झालीय की. वाया न्हाई गेली." तिचं तोंड तेव्हा कसं होतं ते मला वाचता आलं, वहीत लिहावं लागलं नाही.

मी मालनला विचारलं, "मी काय चुकले?"

"तू कसं वळखतीस ते आधी सांग," ती म्हणाली. मी आवाज, वास सगळं सांगितलं. तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही. "आमच्या म्हाताऱ्याला नुसतं खोकण्यावरनं कळतंय कंचं मेंढरू ते. पण लपंडाव खेळताना तुला कुणाचा पाय दिसला, तर जरा हिकडं तिकडं फिरतीस का न्हाई?"

"न्हाई. दिसला की धरते."

"म्हणूनच तुला कुणी घेत न्हाईत. आगं, लपणाऱ्याला लपल्याची मजा नको का? त्या करंज्या कुणाच्या आईनं दुपारभर लाटल्या, आन् तू आल्या आल्या त्यातली करपलेली काढून दावलीस."

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ओळखण्यात मजा नसते, न ओळखण्यात असते. मला ते इतकं नवलाचं वाटलं की मी दिवसभर त्याच्यावर विचार केला. मालननं नियम करून दिला: आधी तीन चुकीची नावं घ्यायची, मग बरोबर. त्या संध्याकाळी तिनं वैशालीला गळ घालून मला आत घेतलं. डबा हलला. मी म्हटलं, "लाडू-चिवडा-केळी-साळीच्या लाह्या." एका दमात. तीन चुकीची, एक बरोबर. वैशालीनं कपाळाला हात लावला आणि मालन हसून हसून खाली बसली. "आगं, मधी दम घ्यायचा. दुसऱ्यास्नीबी तोंड हाय." हळूहळू जमायला लागलं. मी मनात ओळखून ठेवायचे आणि दुसऱ्यांची तोंडं बघायचे. एकेक चुकीचं नाव पडलं की डबा धरणारी कशी फुगते, तिची आई उंबऱ्यातून कशी पदर तोंडाला लावून हसते. हे सगळं रोज माझ्यासमोर होत होतं आणि मी उत्तराच्या घाईत कधी बघितलंच नव्हतं.

आमचा दिवस आला. मालन म्हणाली, "आज तू डबा धरणार. ध्यानात ठेव, कुणी कितीबी विचारलं तरी सांगायचं न्हाई. वळखंस्तवर डबा उघडायचा न्हाई." आईनं शेंगाच्या पोळ्या केल्या होत्या. सकाळपासून शेंगदाणे भाजणं चाललं होतं, शाळेत जायच्या आधी मी ते परसात सुपानं पाखडून दिले. पोळ्यांचे चौकोनी तुकडे करून आईनं अण्णांच्या दुकानातल्या मऊ चिंधीत घट्ट बांधले, म्हणजे आवाज नको. वास जायला दुपारभर दोन्ही दारं उघडी टाकली. आणि चार वाजल्यापासून आई उंबऱ्यात येऊन आळीकडं बघायची, परत आत जायची. अण्णांनीही मशीन बंद ठेवलं होतं.

आल्या. सगळ्या आल्या, वैशालीसुद्धा. फेर झाला. मालन माझं मनगट गच्च धरून होती म्हणून मला गाण्याच्या गलक्यात उभं राहता आलं. मग मी डबा घेतला आणि हलवला. काही वाजलं नाही. त्यांची तोंडं उजळली. "गोड का तिखट?" "गोड. पण चिमूटभर मीठ हाय." हसल्या, पण ते हसणं निराळं होतं, अंगावर येणारं नव्हतं. शिरा, रव्याचे लाडू, पुरण, साटोऱ्या, भोपळ्याच्या घाऱ्या, काय काय सांगितलं. मी प्रत्येकीला "न्हाई" म्हणत होते आणि मला पंख फुटल्यासारखं वाटत होतं. उंबऱ्यात आई पदर तोंडाला लावून हसत होती.

शेवटी वैशाली म्हणाली, "हरलो बाई. काढ आता."

मी डबा पोटाशी धरला. "वळखा."

"आगं, हरलो म्हणलं न्हवं? हरलो की उघडायचा आसतोय."

हे मला मालननं सांगितलं नव्हतं. ओळखल्याशिवाय उघडायचा नाही, एवढंच सांगितलं होतं. "वळखल्याशिवाय न्हाई उघडायचा," मी म्हटलं. त्यांना आधी गंमत वाटली, मग वाटेना. आई म्हणाली, "संगे, दे की गं." एकीनं डबा ओढला. मी किंचाळले. मला सगळं दिसत होतं, त्या चिडल्यात, आईचं हसू गेलंय, आणि तरी हात सुटेनात. नियम मोडला तर पुढं काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं. वैशाली चपला शोधायला लागली. "चला गं. हिचं येड काय थांबायचं न्हाई." दोघीतिघी उठल्या.

तेवढ्यात मालन म्हणाली, "शेंगाची पोळी."

माझे हात आपोआप सुटले. बरोबर होतं, ओळखलं होतं, आता उघडता येत होता. मी झाकण काढलं, गाठ सोडली. पण वैशाली चपला घालता घालता थांबली. "तुला गं कसं कळलं? एवढा येळ गप बसलीस ती? हिनं तुला आधीच सांगितलं आसणार." सगळ्या माझ्याकडं वळल्या. "व्हय गं संगे? लबाडी केलीस?"

मी तोंड उघडणार, तर मालननं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. आणि मग तिनं सांगितलं, "हिनं न्हाई सांगितलं. मघाशी पाणी प्यायला आत गेल्ते तवा मीच डबा उघडून बघितला."

मालन आत गेलीच नव्हती. चिंधीची गाठ आईच्या हातची होती, मी सोडेपर्यंत ती जशीच्या तशी होती. मी आयुष्यात तोवर एकदाही खोटं ऐकून गप्प बसले नव्हते, मास्तरांच्या समोरसुद्धा. पण तिची ती नजर मला कळली होती. गप्प बस, असं त्यात होतं. दोन वर्षं वही भरूनही जे जमलं नाही ते त्या एका घटकेत जमलं, आणि मी गप्प बसले. वैशाली म्हणाली, "मेंढरांचीच सवय. दिसंल तिथं तोंड घालायचं." बाकीच्यांनी तिची री ओढली. मग त्या परत बसल्या, माझ्या बाजूला बसल्या, पोळी खाल्ली, आईला म्हणाल्या, "काकू, लय झ्याक झालीय." एकीनं तर माझ्या खांद्यावर हात टाकला. मालन तोवर निघाली होती. आईनं धावत जाऊन तिच्या हातात दोन तुकडे दिले, ते तिनं घेतले. आईनं तिला काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी विचारलं, "तू डबा उघडला न्हवतास. मग कसं वळखलंस?"

"तुझ्या केसात शेंगदाण्याची लाल सालं हुती. सकाळधरनं."

"मग तेच सांगायचं हुतं. ते खरं हुतं."

"सांगितलं आसतं तर हादगा राहिला आसता बाजूला, समद्या तुझ्या केसांवर तुटून पडल्या आसत्या. आन् खरं हाय म्हणून कायबी बोलायचं व्हय?"

"पण तू शिव्या खाल्ल्यास."

ती पाटी पुसत होती. "मी दिवाळीनंतर जाणारच हाय गं. तुला हितंच ऱ्हायचंय."

ती गेली. त्या वर्षी परत आलीच नाही. पुढं अण्णांच्या एका गिऱ्हाइकाकडनं कळलं, तिला साताऱ्याकडं रहिमतपूरजवळ दिली. हादग्याचे उरलेले दिवस तिला कुणी बोलावलं नाही आणि मला सगळीकडं बोलावलं. मी गेले. मला आनंद झाला होता हे मी लपवणार नाही, वैशालीच्या शेजारी उभं राहून मी फेर धरला, आणि तिचा हात हलका होता तरी सोसला. नववीत पलूसच्या शाळेतला तो गलका मला झेपेना, तेव्हा अण्णांनी न रागावता काजं करायला बसवलं, पण तोवर मला गावात चार मैत्रिणी झाल्या होत्या, आईच्या दारात पोरी येत होत्या. ते सगळं मालनच्या नावावर डाग पाडून मिळालेलं होतं. एखादं माणूस दुसऱ्यासाठी आपण होऊन वाईट ठरतं, हे कसं काय, याचं मला आजही कुतूहल आहे. मला ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. आमच्या यांनी वाटी पुढं ठेवली तेव्हा थोडं कळल्यासारखं वाटलं.

एकदा नात्यातल्या लग्नाला मिरजेहून पुण्याला जाताना गाडी रहिमतपूरला थांबली. मी दारात उभी राहिले आणि उतरले नाही. उतरून काय म्हणायचं ते पाठ केलेलं नव्हतं. आता फोनवर शाळेच्या मुलींचा ग्रुप झालाय. वैशालीनंच मला त्यात घेतलं, तिचे उपकार आहेत. मागच्या हस्तात कुणीतरी हादग्याचा फोटो टाकला, त्याखाली एकीनं लिहिलं, ती डबा उघडणारी मेंढक्याची पोर आठवती का गं? आणि हसरी तोंडं, अकरा जणींची. इतकी वर्षं झाली, आणि मालन अजून तिथं तशीच उभी आहे. मी उत्तर लिहिलं आणि खोडलं. परत लिहिलं, परत खोडलं. भीती वाटते, या वयात पुन्हा अंगणाबाहेर काढतील.

पण मालन, मी ते लिहिणार आहे. येत्या हस्तात, त्याच ग्रुपवर, वैशालीच्या आणि सगळ्यांच्या समोर: मालननं डबा उघडला नव्हता, तिनं नीट बघून ओळखलं होतं, आणि मला ते ठाऊक असून मी गप्प बसले. त्यावर त्या जे काही म्हणतील ते ऐकून घेईन. आणि मग रहिमतपूरला उतरून तुझ्या दारात येईन, तुझ्या सुना-लेकरांच्या देखत हेच पुन्हा सांगेन. तू म्हणशील, गप बस गं. या वेळी बसणार नाही.